रॅम वाढवल्यापासून ब्लू स्क्रीन, तीनदा फॉरमॅट मारूनही तेच. रॅम, बोर्ड की ड्रायव्हर?

कोपरखैरणे_डीटीपी

नमस्कार मंडळी. दुकानातला पीसी तीन आठवड्यांपासून दिवसातून एकदा तरी निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतोय. काम कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपचं. सध्या गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल लागले आहेत, त्यामुळे मशीन बंद ठेवता येत नाही.

मशीन असं: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड (चार रॅम स्लॉट), जीटीएक्स १६५०, ५१२ जीबी एनव्हीएमई, ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), विंडोज ११. आधी ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, डीडीआर४ ३२००, सीएल (प्रतिसादाचं टायमिंग) १६, १.३५ व्होल्ट. त्यांच्या जोडीला वाशीतून ८ च्या आणखी दोन आणल्या. कंपनी वेगळी, ३२०० च पण सीएल २२, १.२ व्होल्ट. त्याच आठवड्यात राउटर पोटमाळ्यावर हलवला आणि यूएसबी वायफाय डोंगल लावला.

मिनीडंप फोल्डरमध्ये (दर क्रॅशची नोंद तिथे पडते) ९ फाइली जमल्यात. त्या वाचणारं ब्लूस्क्रीनव्ह्यू लावून पाहिलं (कंसात क्रॅशचा कोड):

मेमरी मॅनेजमेंट (१ए) – २ वेळा
पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया (५०) – १
सिस्टम सर्व्हिस एक्सेप्शन (३बी) – १
कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर (१३९) – १
ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल (डी१) – ४

बहुतेक ठिकाणी एनटीओएसकर्नल लाल दिसतंय. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट चालवली, 'एकही दोष नाही' म्हणाली. एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू आहे. मेकॅनिकने तीन वेळा फॉरमॅट मारला, आता म्हणतो बोर्ड गेला, बदला. बोर्डाला पैसे घालण्याआधी नक्की काय तपासू?

---

नौपाडा_बेंच

बोर्ड बदलू नका आणि चौथा फॉरमॅट तर अजिबात नको. नऊ डंप जपून ठेवलेत हे फार बरं केलंत, अर्धं निदान त्यातच आहे.

एनटीओएसकर्नल लाल दिसतं त्याकडे दुर्लक्ष करा. तो विंडोजचा गाभा आहे. खराब झालेली गोष्ट कोणीही केलेली असो, हाताला लागते ती बहुधा त्याच्या, म्हणून नाव त्याचं येतं. पाहायचं असतं ते नऊ डंपांचं एकमेकांशी नातं. दर वेळी वेगळा कोड, वेगळी प्रोसेस, वेगळी फाइल असेल तर संशय हार्डवेअरवर, आणि त्यात पहिला नंबर रॅमचा. तोच कोड, तीच ड्रायव्हरची फाइल आणि तेच काम करताना क्रॅश असेल तर संशय ड्रायव्हरवर. तुमच्याकडे १ए, ५०, ३बी, १३९ हा विखुरलेला गट आहे आणि चार डी१ चा एकसारखा गट आहे. मला हे दोन वेगळे आजार वाटतात. एकाच आठवड्यात रॅमही आली आणि डोंगलही आला, म्हणून ते एकमेकांत मिसळलेत.

आता एक काम करा. १ए चे दोन्ही डंप उघडा आणि चार पॅरामीटर बघा. पहिला ४१७९२ असेल तर विंडोज सांगतंय की पेज टेबलमधली (मेमरीचं कोणतं पान कुठे आहे त्याची यादी) एक नोंद बिघडलेली सापडली. तिसऱ्या-चौथ्या पॅरामीटरमध्ये त्या नोंदीत काय आढळलं ते असतं. तिथे सगळी शून्यं आणि मध्येच एकुलता आकडा, समजा २०००, असा प्रकार दिसला तर लक्षात घ्या, हेक्समधला २००० म्हणजे बायनरीत एक '१' आणि पुढे तेरा शून्यं. जिथे सगळं रिकामं हवं तिथे एकच बिट शून्याचा एक झालाय. बिघडलेला ड्रायव्हर शक्यतो पानभर कचरा लिहून जातो. असा सुटा एक बिट उलटला की ती जवळजवळ रॅमचीच सही समजायची. विनडीबीजी (मायक्रोसॉफ्टचं डंप वाचायचं साधन) टाकलं असेल तर डंप उघडल्यावर वर येणाऱ्या 'ॲनलाइझ'च्या निळ्या लिंकवर क्लिक करा. शेवटी बकेटच्या (क्रॅशच्या वर्गाच्या) नावात 'मेमरी करप्शन वन बिट' आलं तर तेच.

विंडोजच्या टेस्टवर विसंबू नका. ती न सांगता चालते ती 'स्टँडर्ड', तिच्या दोनच फेऱ्या. चालू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडता येते, तरी तिच्या हातून बरंच सुटतं. तिने दोष दाखवला तर तो खरा माना, 'नाही' म्हणाली तर ते उत्तर धरू नका.

मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा. बूट होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा लागेल, पण आधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ कधी कधी न विचारता ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि हा बदल झाला की ती की मागतं. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, पहिली मुद्दाम छोटी असते, म्हणून एका फेरीवर थांबायचं नाही. ३२ जीबीला रात्र जाते, दुकान बंद करताना लावून जा.

टेस्टचा क्रम असा ठेवा:

पहिली रात्र, चारही स्टिक, एक्सएमपी बंद. दोष आला तर पुढच्या चाचणीत एकेक स्टिक, ए२ स्लॉटमध्ये (प्रोसेसरपासून दुसरा). जी स्टिक दोष देईल ती बी२ मध्ये घालून परत. स्टिकबरोबर दोष हलला तर स्टिक खराब. स्लॉटलाच चिकटून राहिला तर स्लॉट, किंवा प्रोसेसरची पिन. चारही स्टिक एक्सएमपी बंद असताना स्वच्छ निघाल्या तर एक्सएमपी चालू करून तेच पुन्हा.

किती दोष चालतात असं पुष्कळ जण विचारतात. एकही नाही. अपवाद शेवटच्या १३ नंबरच्या हॅमर टेस्टचा. त्यात मुद्दाम शेजारच्या ओळींवर मारा केला जातो, फक्त तिथेच एखादा दोष असेल तर रोजच्या वापरात तो त्रास देईलच असं नाही. पण आधीच्या टेस्टमध्ये एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक नापास.

रॅम काढताना: मेन स्विच बंद, वायर काढा, पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, मग क्लिप उघडा. परत बसवताना दोन्ही टोकांना टक् आवाज आला पाहिजे. बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि कळत नाही. रॅम बदलल्यावर पहिल्या बूटला अर्धा-एक मिनिट स्क्रीन काळी राहते, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून मधेच बंद करू नका.

---

घणसोलीकर

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझा भर दुसरीकडे. स्टिक खराब नसतानाही हे होऊ शकतं. रायझन ३००० मालिकेला एएमडी ३२०० चा वेग देते तो दोन स्टिकना. चार सिंगल रँक (चिपांचा एकच संच असलेल्या) स्टिक लावल्या की अधिकृत मर्यादा २९३३, चार ड्युअल रँक असतील तर २६६७. तुम्ही चार लावून एक्सएमपीने ३२०० मागताय, तेही सीएल १६ आणि सीएल २२ ची सरमिसळ करून. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो आणि चार स्टिकचा भार त्याला जड जातो. मशीन सुरू होतं, विंडोज येतं, फोटोशॉपने १८-२० जीबी भरलं की कोसळतं.

म्हणून टेस्टची वाट न बघता आजच एक्सएमपी बंद करा (असूसच्या बोर्डवर त्यालाच डीओसीपी म्हणतात). वेग २६६६ किंवा २४०० होईल, कोरलमध्ये फरक जाणवणारही नाही. काम तरी चालू राहील.

---

नौपाडा_बेंच

@घणसोलीकर, मुद्दा मान्य, म्हणूनच पहिली रात्र एक्सएमपी बंद ठेवून सांगितली. फक्त काम चालू ठेवण्याबद्दल मी वेगळं सांगेन. रॅम तपासून होईपर्यंत नव्या दोन स्टिक काढूनच ठेवाव्यात. खराब रॅमचं खरं नुकसान ब्लू स्क्रीन नसतं. फाइल सेव्ह होताना ती रॅममधून डिस्कवर जाते, वाटेत बिट उलटला तर फाइल तशीच चुकीची लिहिली जाते आणि कोणीही ओरडत नाही. मंडळाच्या अहवालातली देणगीदारांची यादी महिनाभराने उघडली नाही तर काय करणार? तीनदा फॉरमॅट करून उपयोग का झाला नाही याचंही उत्तर यातच आहे: विंडोज त्याच रॅममधून परत बसवलं गेलं.

---

ऐरोली_कर्नल

डी१ बद्दल मी लिहितो.

डी१ चा अर्थ: एखाद्या ड्रायव्हरने वरच्या आयआरक्यूएल (कामाच्या प्राधान्याच्या) पातळीवर असताना अशा पत्त्याला हात लावला जो त्या क्षणी मेमरीत हजर नव्हता. विंडोजमध्ये हरवलेलं पान डिस्कवरून परत आणता येतं, पण त्यासाठी थांबावं लागतं. पातळी २ किंवा त्याहून वर थांबायला परवानगी नसते, कारण दुसऱ्या कामाकडे वळवणारा शेड्युलरच तिथे चालत नाही. म्हणून विंडोजला मशीन थांबवण्यावाचून मार्ग नसतो. नेटवर्कचे ड्रायव्हर यात वारंवार सापडतात, कारण पॅकेट आलं की त्यांचं बरंचसं काम याच पातळीवर चालतं.

ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये त्या चार डंपांच्या खालच्या यादीत गुलाबी झालेल्या ओळी बघा. कर्नलशिवाय चारही डंपांत सारखी येणारी एसवायएस (ड्रायव्हरची) फाइल कोणती? ती सिस्टम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये शोधा, प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबवर कंपनी आणि आवृत्ती दिसेल. डोंगलच्या चिपचं नाव आलं तर चोर सापडला.

डिव्हाइस मॅनेजरमधून नुसतं 'अनइन्स्टॉल' केलंत तर विंडोज पुढच्या बूटला तोच ड्रायव्हर साठ्यातून काढून परत लावतं. अनइन्स्टॉलच्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. मग डोंगल काढा, रीस्टार्ट करा, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर घाला. डोंगलच्या खोक्यातली छोटी सीडी वापरू नका.

आणखी एक: फास्ट स्टार्टअप बंद करा (कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात'). तो चालू असताना 'शट डाउन' केलं तरी कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते. तपासणीच्या काळात दर वेळी कोरी सुरुवात हवी.

ड्रायव्हर व्हेरिफायरचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. तो आत्ता लावू नका. व्हेरिफायर ड्रायव्हरच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवतो आणि नियम मोडला की मुद्दाम ब्लू स्क्रीन देतो, बहुतेकदा सी४ कोडची. रॅम खराब असताना चांगला ड्रायव्हरही चुकल्यासारखा दिसतो आणि तुम्ही भलत्यालाच काढून बसाल. रॅम चार फेऱ्या स्वच्छ आली आणि तरीही डी१ येतोय, तरच. तेव्हाही आधी रिस्टोअर पॉइंट, मग 'स्टँडर्ड सेटिंग्ज', आणि यादीतून फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर. एक-दोन दिवस काम करा. मशीन सुरूच होईना झालं तर सेफ मोडमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर व्हेरिफायर, स्पेस, तिरकी रेघ, रीसेट. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवूनच सुरुवात करा.

---

कोपरखैरणे_डीटीपी

सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री टेस्ट लावली, निकाल देतो.

१ए च्या दोन्ही डंपांत पहिला पॅरामीटर ४१७९२ च. तिसऱ्यात एकदा २०००, दुसऱ्यांदाही २०००. चौथा शून्य.

चारही स्टिक, एक्सएमपी बंद, वेग २६६६: दुसऱ्या फेरीत ६ दोष. एका ओळीचा फोटो काढलाय: अपेक्षित एफएफएफएफएफएफएफएफ, मिळालं एफएफएफएफडीएफएफएफ.
जुन्या दोन स्टिक एकेक करून: स्वच्छ.
नव्यातली पहिली: स्वच्छ.
नव्यातली दुसरी: ए२ मध्ये ३ दोष, बी२ मध्ये ५ दोष.

डी१ च्या चारही डंपांत एकच फाइल, आणि प्रॉपर्टीजमध्ये डोंगलच्या चिपचीच कंपनी. डोंगल काढून सध्या पोटमाळ्यावरून लॅनची वायर खाली सोडली आहे. नवी जोडी काढून १६ जीबीवर काम चालू आहे.

आता पुढे काय? आणि सोन्याचे पाय खोडरबराने घासून बघू का? मेकॅनिक म्हणतो खाडीजवळच्या दमट हवेने काळे पडतात.

---

नौपाडा_बेंच

फोटोतली ओळ बघा. शेवटचे चार अंक डीएफएफएफ, हवे होते एफएफएफएफ. एफ म्हणजे ११११, डी म्हणजे ११०१. एकच बिट पडलाय, आणि त्या बिटाची किंमत मांडली तर हेक्समध्ये बरोबर २००० येते. डंपातला आकडाही २००० च. विंडोजने आणि मेमटेस्टने स्वतंत्रपणे एकाच बिटाकडे बोट दाखवलंय. डंपात शून्याचा एक झाला, इथे एकाचा शून्य झाला, म्हणजे ती डेटाची वाट दोन्ही दिशांनी घसरते. एक्सएमपी बंद असतानाही आणि दोन्ही स्लॉटमध्येही दोष आला, म्हणजे वेगाचा प्रश्न नाही आणि बोर्डही सुटला.

पाय पुसून एकदा परत टेस्ट करायला हरकत नाही, दमट हवेत कधी कधी तेवढ्यानेही भागतं. खोडरबर मात्र नको. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच गंजतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारं फडकं, पायांच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन हात, पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉटमध्ये ब्रशने धूळ झाडा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. पुसूनही दोष आलाच तर वॉरंटी.

वॉरंटीसाठी: जोडी म्हणून घेतली असेल तर कंपनी दोन्ही स्टिक एकत्र मागते, एकटी चालत नाही. स्टिकरवरचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि जीएसटी बिल. स्टिकर काढू नका, हीटसिंक तर मुळीच उघडू नका. बऱ्याच ब्रँडची रॅमवर आजीवन वॉरंटी असते, त्यामुळे दुकानदार 'वर्ष झालं' म्हणाला तरी कंपनीच्या साइटवर नंबर घालून स्वतः बघा.

आता, चांगल्या रॅमवर असताना, विंडोज दुरुस्त करून घ्या. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर विंडोजच्या दुरुस्तीच्या दोन कमांड: आधी डिस्मचा रिस्टोअर हेल्थ, तो पूर्ण झाल्यावर एसएफसी स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका: एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलतो तो साठाच डिस्म दुरुस्त करतं. तुमचं शेवटचं विंडोज खराब रॅममधून बसलंय, म्हणून एसएफसी तीनदा चालवूनही काही उरलं तर या वेळचा फॉरमॅट योग्य ठरेल. तीन आठवड्यांत सेव्ह केलेल्या सगळ्या कोरल फाइली एकदा उघडून बघा, झिप केलेल्या असतील तर त्यांची 'टेस्ट' चालवा. बॅकअपही याच काळात घेतला असेल तर जुना बॅकअप पुसू नका.

---

सीवूड्स_मीरा

मधेच विचारते, माफ करा. माझाही पीसी असाच बंद पडतो, पण निळी स्क्रीन येत नाही, थेट काळोख आणि रीस्टार्ट. मिनीडंप फोल्डर रिकामं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१. हेही रॅममुळेच का?

---

ऐरोली_कर्नल

मीराताई, ४१ ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं. ती उघडून डिटेल्समध्ये 'बगचेककोड' (ब्लू स्क्रीनचा कोड) बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला ब्लू स्क्रीन लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीज, एसएमपीएस किंवा तापमान. आधी डंपची सेटिंग बघून घ्या: स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये 'स्मॉल मेमरी डंप' निवडा, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' वरची टिक काढा, आणि पेजफाइल (विंडोजने डिस्कवर ठेवलेली जादा मेमरी) बंद केलेली नाही याची खात्री करा, ती नसेल तर डंप लिहिलाच जात नाही. त्यानंतर वेळा जुळवा. महावितरणची वीज झपकन जाऊन येते तेव्हाच होतंय का? घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज जाऊन बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तो एसएमपीएसला पेलत नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. इलेक्ट्रिशियनकडून प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग.

---

कोपरखैरणे_डीटीपी

पाय पुसून परत लावली, ए२ मध्ये पुन्हा ४ दोष. जोडी वॉरंटीला दिली, बदली जोडी मिळाली. नव्या दोन्ही स्टिक आधी एकेक करून तपासल्या, मग चारही लावून. @घणसोलीकर, तुम्ही म्हणालात तसं ३२०० न मागता बायोसमध्ये २९३३ ठेवलंय, चार फेऱ्या शून्य दोष. डिस्मनंतर एसएफसीने दोन फाइली दुरुस्त केल्या, दुसऱ्यांदा चालवल्यावर काही सापडलं नाही. कोरलच्या सगळ्या फाइली उघडून बघितल्या, तीन उघडल्या नाहीत, त्या आधीच्या प्रुफांवरून परत लावतोय.

डोंगल नव्या ड्रायव्हरवर परत लावून मुद्दाम ४० जीबीचा फोल्डर वायफायवरून कॉपी केला, तेव्हा डी१ आला नाही. आज बारावा दिवस. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बगचेक १००१ ची नवी नोंद एकही नाही.